चकती सुटेना

ह्यांच्या अंगावरून वारं गेलं तो सोमवार होता. घाटघरच्या पहिल्या गाडीवर ड्यूटी होती. खाकी शर्टाची दोन बटणं लावून झाली आणि तिसऱ्यावर हात अडला. मी पाठमोरी डबा भरत होते. "अगं, हे बटण..." एवढं ऐकू आलं, तेही जाड जिभेनं बोलल्यासारखं. वळून पाहिलं तर तोंड एका अंगाला ओढलेलं आणि उजवा हात शर्टावरून घसरून खाली लोंबत होता.

त्यांचं वय तेव्हा चव्वेचाळीस. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. आम्हाला मूलबाळ नाही. पुण्याच्या दवाखान्यात अठरा दिवस काढून आम्ही जुन्नरला घरी आलो ते दोघंच.

ते एसटीत कंडक्टर होते, हे आधी सांगायला हवं. नव्वदच्या आसपास मला पहिली नेमणूक मिळाली ती आणे गावच्या पठारावरच्या शाळेत. तिथं येणाऱ्या गाडीवर हे असायचे. गाडी खच्चून भरलेली असली तरी ट्रेमधून तिकीट काढायचं, पंच मारायचा, सुट्टे द्यायचे, वर हात करून घंटीची दोरी ओढायची, हे सगळं त्यांचा उजवा हात एकटा करी. डावा नुसता दांडीला. मी त्या हाताकडे बघत बसे, हे मी त्यांना लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं. शाळा सुटायला उशीर झाला तर गाडी थांबवून ठेवायचे आणि ड्रायव्हर ओरडला की म्हणायचे, "बाई आल्याबिगर गाडी हलायची न्हाई." पुढं आमचं लग्न झालं, विहारात, साधं. माझी बदली आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या अलीकडच्या एका गावात झाली आणि आम्ही जुन्नरच्या बाहेर दोन खोल्या आणि पुढं अंगण असलेलं घर भाड्यानं घेतलं. हे झालं आधीचं.

वारं गेल्यावर पाय तीन-चार महिन्यांत परत आला. काठी टेकत, उजवं पाऊल जरा ओढत, अंगणातून फाटकापर्यंत जाता येऊ लागलं. हात मात्र आला नाही. खांदा हलायचा, कोपर थोडं वाकायचं, पण पंजा मिटला तो मिटलाच. बोटं आत वळून तळव्यात रुतायची. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी कोमट पाण्याचं पातेलं घेऊन बसायची आणि एकेक बोट उचलून आतला घाम, मळ पुसून काढायची. आंबूस वास यायचा. नखं दर चार दिवसांनी कापावी लागत, नाहीतर तळव्याला जखम व्हायची. ते दुसरीकडे बघत. मी भराभर उरकायची. साडेनऊची जीप गाठायची असायची.

भेटायला येणारा प्रत्येक जण रबरी चेंडू दाबायला सांगायचा. आम्ही तो चेंडूही दाबला. पुढे पुण्याला तपासायला गेलो तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तो काढून घेतला. म्हणाल्या, "मूठ त्यांची बंदच आहे, ती आणखी कशाला बंद करायला शिकवता? उघडायला शिकवा." कसं उघडायचं ते त्यांनी दाखवलं, पण घरी ते दहा मिनिटांत कंटाळायचे. भिंतीकडे बघत हात चोळत बसण्यात कुणाचं मन रमेल?

वारं गेल्याला वर्ष उलटलं त्या डिसेंबरात माझा धाकटा भाऊ अमेरिकेहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला. आमच्या घरातला तो पहिला इंजिनिअर. कॉम्प्युटरच्या कामासाठी कंपनीनं त्याला तिकडं पाठवून तीन वर्षं झाली होती. "जयभीम, दाजी," म्हणून ह्यांच्या पायाशी बसला आणि मिटलेली मूठ हातात घेतली. मग बॅग उघडली. काजू, बदाम, माझ्यासाठी स्वेटर, आणि सगळ्यात खाली प्लॅस्टिकच्या तीन चकत्या. ताटलीएवढ्या, कडेला जाड, एक लाल, एक पिवळी, एक पांढरी.

"हे काय आणलंस?" मी विचारलं. मला खरं तर रागच आला होता. एवढ्या लांबून येताना माणूस काय काय आणतं.

त्यानं सांगितलं ते असं. तिकडे तो राहतो तिथं एक मोठं रान आहे. रानात जागोजागी खांब रोवून त्यांवर लोखंडी टोपल्या बसवल्यात आणि टोपलीवर साखळ्या सोडल्यात. लांबून चकती फेकत फेकत टोपलीपर्यंत जायचं आणि शेवटी जवळून ती साखळ्यांवर टाकायची. साखळ्यांनी अडवली की चकती टोपलीत पडते. तिकडे गेल्यावर पहिलं वर्षभर रविवारी त्याच्याशी बोलायला कुणी नसायचं, तेव्हा तो एकटाच जाऊन हे करत बसायचा.

"शेवटच्या टाकण्याला ते पट म्हणतात," तो म्हणाला. "त्याला ताकद लागत नाही, ताई. सगळा खेळ बोटांचा. कशी धरायची आणि कधी सोडायची, बस्स. दाजींच्या हातासाठी याहून चांगलं काही नाही."

समोर सायकली दुरुस्त करणाऱ्या सायकलवाल्या भाऊंनी दुसऱ्याच दिवशी सळईची गोल कडी वाकवून दिली आणि तिला मोडीत निघालेल्या सायकलींच्या आठ चेनी लटकवल्या. मी त्या रॉकेलमध्ये धुतल्या. अंगणातल्या बदामाच्या फांदीला कडी टांगली, खाली विटांवर कांद्याची पाटी ठेवली. भावानं तीन पावलांवर चुन्याची रेघ मारली.

मग त्यानं दाखवलं. अंगठा वर, चकतीच्या कडेजवळ. चार बोटं खाली, त्यांची पेरं कडेच्या आतल्या बाजूला टेकलेली, पहिलं बोट जरा मोकळं. घट्ट आवळायची नाही, पण निसटूही द्यायची नाही. उजवा पाय पुढे, भार मागच्या पायावर. मनगट आत वळवायचं, भार पुढच्या पायावर आणायचा, हात सरळ साखळीकडे न्यायचा आणि शेवटी मनगट उघडत बोटं फटकन सोडायची. चकती सपाट गेली, चेनींवर खळ्ळकन आदळली आणि पाटीत पडली.

"मी काय कुत्रं हाय का?" हे खुर्चीवरून म्हणाले. "ताटली फेकायची अन् मागं पळायचं."

भाऊ हसला. रागावला नाही. तो आपला टाकत राहिला. दोन दिवस अंगणात तो आवाज चालू होता. तिसऱ्या दिवशी दुपारी हे उठले, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "दे इकडं."

मी आणि भावानं मिळून त्यांची बोटं उलगडली आणि चकती आत सरकवली. बोटं तिच्यावर लगेच मिटली. भाऊ बाजूला उभा राहून सांगत होता, मनगट आत, आता पुढे, आता सोडा. ह्यांनी हात पुढे फेकला. चकती हातातच राहिली. पुन्हा फेकला, पुन्हा हातातच. "सोडा दाजी, सोडा!" चौथ्यांदा त्यांनी सगळं अंग पुढे झोकलं. चकती काही सुटली नाही. ते स्वतःच पाटीवर जाऊन पडले. विटा गडगडल्या, कपाळाला खोक पडली.

खोकेवर हळद दाबताना मी भावाला फाडफाड बोलले. "तू दोन आठवड्यांनी विमानात बसशील. मागं राहणार मी. पडले तर उचलणार मी, आणि चकती सुटली तर ती पण उचलणार मीच."

जाताना तो चकत्या ठेवून गेला. फाटकाशी मला म्हणाला, "रोज वीस वेळा. जास्त नको." मी हो म्हटलं ते तो जावा म्हणून.

पण ह्यांनी ते मनावर घेतलं. मी शाळेतून पावणेसहाला परतायची तर हे रेघेपाशी खुर्ची टाकून बसलेले असायचे, लाल चकती मांडीवर. चहा ठेवायच्या आधी मला पर्स बाजूला टाकून बोटं उलगडायला बसावं लागे. चकती आत घालायची, ते हात फेकणार, चकती सुटणार नाही, की पुन्हा बोटं सारखी करायची. वीस वेळा. सुटलीच चुकून तर भलतीकडे, दाराच्या चौकटीवर नाहीतर मोरीत. जानेवारी असा गेला. दिवसभर पहिली ते चौथीच्या चार वर्गांना दोघी जणी शिकवायचो, संध्याकाळी हे. रात्री पाठ टेकली की लगेच सकाळ व्हायची.

भाऊ फोन करायचा. "दाजींचं पट कुठवर?" मी म्हणायची, "चालू आहे." त्याला खोटं सांगायचा मला कंटाळा येई आणि खरं सांगायचाही.

फेब्रुवारीत एका सकाळी पंजा धुताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. इतके महिने मी हे रोज करत होते, पण विचार असा केला नव्हता. त्यांचं मनगट वर ताठ असलं की बोटं जास्तच आवळायची. मनगट खाली पाडलं, पंजा लोंबता सोडला, की बोटं आपोआप सैल व्हायची, मला ती फारशी ओढावी लागत नसत. मी मनगट वर केलं, खाली केलं, वर केलं, खाली केलं.

"काय करतीस?" ते म्हणाले.

"संध्याकाळी सांगते." जीपची वेळ झाली होती.

दिवसभर डोक्यात तेच. भावानं शिकवलेली शेवटची कृती म्हणजे मनगट उघडायचं, वर उचलायचं. त्याच्या हाताला ते बरोबर. ह्यांच्या हाताला नेमकं तेच उलटं पडत होतं. सोडायच्या क्षणी मनगट वर जात होतं आणि बोटं चकती पकडून बसत होती.

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "आज तो सांगायचा तसं नका करू. हात खालून झोका दिल्यासारखा पुढं आणा, आणि छातीपर्यंत आला की मनगट पाडून द्या. बोटांचा विचारच नका करू. हात मेल्यासारखा सोडून द्या."

"मेलेलाच हाय तो," ते म्हणाले. पण त्यांनी तसं केलं. तीनदा काही झालं नाही. चौथ्यांदा हात वर आला, मनगट लोंबलं आणि चकती सुटली. दोन पावलांवर डुगडुगत जाऊन जमिनीवर पडली, नाण्यासारखी गोल गोल फिरली आणि थांबली.

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"सुटली," ते म्हणाले.

"सुटली," मी म्हटलं. मग मी ती उचलून आणली, कारण अजून सोळा राहिल्या होत्या.

साखळीला लागायला मार्च संपला. खळ्ळ आवाज झाला तेव्हा समोरून सायकलवाल्या भाऊंनी "वा राव!" म्हणून हाक दिली. विसात दोन, पुढे विसात पाच. चकती जायची वाकडी, हेलकावत, पण जायची. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, मनगट पाडून? ते चुकीचं आहे. चकती सपाट जाणारच नाही."

"नाही जात सपाट," मी म्हटलं आणि फोन ह्यांच्याकडे दिला.

आता जे सांगायचं ते मला फारसं आवडत नाही. एप्रिलमधला रविवार होता. पोलिओ डोसाच्या ड्यूटीवर मी सकाळपासून वाड्या-वस्त्या फिरत होते. ऊन मी म्हणत होतं. पायातली चप्पल तुटलेली, लशीच्या थंड पेटीचा पट्टा खांद्याला काचलेला. घरी आले तर हे रेघेपाशी बसलेले.

"आज नको," मी म्हटलं. "आज मला जमायचं नाही."

"दहाच," ते म्हणाले.

"नको म्हटलं ना."

"तुझं काय जातंय, नुसती उचलून तर द्यायची..."

मी त्यांच्या मांडीवरून चकती उचलली. कुठं टाकते आहे तेही बघितलं नाही. होता तेवढा जोर लावून भिरकावली. ती कुंपणावरून गेली, रस्ता ओलांडला, सायकलवाल्याच्या पत्र्यावरून वर उठली आणि तिरपी वळून पलीकडच्या कांद्याच्या वावरात दिसेनाशी झाली. वाटलं, आता हे काहीतरी बोलतील आणि मग मीही बोलेन, आणि दीड वर्षाचं सगळं निघेल.

ते वावराकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "लई लांब गेली गं."

मी पायरीवर बसून रडायला लागले. ते उठले. मला समजवायला येतायत असं वाटलं, पण ते काठी घेऊन फाटकाकडे निघाले. वारं गेल्यापासून एकटे ते फाटकाबाहेर पडले नव्हते. मी हाक मारली नाही. का मारली नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक मी तेवढी दमले होते. ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले, एक ट्रक जाऊ दिला, पाऊल ओढत पलीकडे गेले. सायकलवाले भाऊ उठून पुढे झाले तर ह्यांनी काठी उचलून त्यांना बसून राहा म्हणून खुणावलं. मग वावरात ते दिसेनासे झाले.

अर्ध्या तासानं परतले. पायजमा गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेला, चकती डाव्या काखेत. एकदा पडले होते, त्यांनी ते लपवलं नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "तू टाक आता. तुला चांगली टाकता येती."

"मला काही टाकायचं नाही."

"टाक. मी आणतो. तू रोज आणतीस, मला काय बसून ऱ्हायचं?"

त्या दिवशी काही टाकलं नाही. मी झोपले ती जेवायलाही उठले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तसंच चालू झालं. दहा त्यांच्या, तीन पावलांवरून. त्या मी उचलायच्या. मग दहा माझ्या, कुंपणापासून. त्या त्यांनी आणायच्या. मी भावानं दाखवलं तसंच टाकायची, अंगठा वर, बोटांची पेरं कडेला, शेवटी मनगट उघडून. बघून बघूनच शिकले होते. माझे नेम चुकायचे आणि त्यांना अंगणभर फिरावं लागायचं. कधी वाटायचं मी मुद्दामच चुकते. पावसाळा सुरू व्हायच्या आत ते काठीशिवाय अंगणात फिरू लागले. हात मात्र होता तिथंच राहिला. चकती सुटायची, पाण्याचा गडू सुटायचा, दाराची कडी धरून सोडता यायची. याच्यापुढं गाडी गेली नाही.

त्याच वर्षी त्यांना डॉक्टरांच्या बोर्डापुढं बोलावणं आलं, नोकरीवर घ्यायचं की नाही ते ठरवायला. पुण्याला गेलो. एक वयस्कर डॉक्टर होते, शांत. त्यांनी ह्यांच्या हातात पेन दिलं. ह्यांनी धरलं. "आता टेबलावर ठेवा." ह्यांनी मनगट पाडलं आणि पेन ठेवलं. डॉक्टरांनी मान वर केली. "हे कुणी शिकवलं?"

"हिनं," ते म्हणाले.

"चांगलं शिकवलंय." मग डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. "याची एक पट्टी फाडून मला द्या."

तिकीट फाडायलाच सांगितल्यासारखं होतं ते. ह्यांनी कागद डाव्या हातात धरला, उजव्याच्या बोटांत त्याचं टोक अडकवलं आणि ओढलं. कागद निसटला. पुन्हा अडकवलं, पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनीच तो हलकेच काढून घेतला. म्हणाले, "राहू द्या."

नोकरी गेली. परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते आणि कंडक्टर जवळ आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण तेव्हाचं आठवतं ते एवढंच की आता तारखा नाहीत, अर्ज नाहीत, पुण्याच्या फेऱ्या नाहीत, आणि माझं डोकं खिडकीच्या दांडीला टेकलं होतं.

पंधरा दिवस चकतीला कुणी हात लावला नाही. मग एके संध्याकाळी मी आले तर ते रेघेपाशी उभे होते, खुर्चीशिवाय. "दहा टाक," म्हणाले. "बसून बसून अंग आखडलं." मी चहासुद्धा न घेता टाकल्या.

हे आम्ही चार वर्षं केलं, रोज नाही, पण बरेच दिवस. भाऊ मधे दोनदा येऊन गेला. ह्यांचं टाकणं बघून त्यानं तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. चेनी गंजून तुटल्या की सायकलवाले भाऊ नव्या आणून लावत. मग माझाच उजवा खांदा धरला. आधी दुखायचा, मग वर होईना, केस विंचरता येईनात. मंचरच्या डॉक्टरांनी हात वळवून बघितला आणि विचारलं, "बाई, जड काही उचलता का? हातानं सारखं काय करता?"

चकती, साखळ्या, कांद्याची पाटी, मनगट, हे सगळं त्यांना कुठून सांगायला सुरुवात करायची? बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते.

"फळ्यावर लिहिते," मी म्हटलं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हनला डॉक्टर?"

"महिनाभर हात वर करायचा नाही. वजन उचलायचं नाही."

"मंग सैपाकाचं?"

"भाकरी शेजारून येईल. भाजी सकाळचीच आहे."

"अन् वाढायचं?"

"वाढा तुम्ही."

ते स्वयंपाकघरात गेले. डाव्या हातानं पळी, उजव्यात ताटाची कड. भाजी निम्मी ताटात पडली, निम्मी ओट्यावर. ताट माझ्यासमोर ठेवताना त्यांनी मनगट पाडलं, पण ताट जड होतं, बोटं जरा उशिरा सुटली आणि रस्सा माझ्या मांडीवर सांडला. ते तसेच उभे राहिले. मी पदरानं पुसलं आणि डाव्या हातानं जेवले. भूक लागली होती.